इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि मूळ कसे शोधावे: ‘चेक’ या एका शब्दाची टप्प्याटप्प्याने उकल

‘न्यूज’ हा शब्द नॉर्थ, ईस्ट, वेस्ट आणि साउथ यांच्या आद्याक्षरांपासून बनला, ‘डे’ म्हणजे आपल्या ‘दिवसा’चाच अपभ्रंश, अशी विधाने वर्गातल्या फळ्यापासून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांपर्यंत सगळीकडे बिनदिक्कत फिरत असतात. ही विधाने करणाऱ्यांकडे कोश नसतो असे नाही. त्यांचा क्रम चुकलेला असतो. आधी उच्चारातले साम्य डोळ्यांत भरते, मग त्या साम्यावर बेतलेली एखादी गोष्ट सुचते किंवा सापडते, आणि कोश उघडलाच तर तो त्या गोष्टीला दुजोरा मिळावा म्हणून उघडला जातो. पुढे दिलेल्या क्रमात उच्चारातल्या साम्याची पाळी जवळजवळ शेवटी येते. प्रत्येक टप्प्यावर ‘चेक’ हाच शब्द घेतला आहे, कारण तो बँकेत, शिंप्याकडे, बुद्धिबळाच्या पटावर आणि कार्यालयात असा चारही ठिकाणी आपल्या तोंडी असतो आणि त्याचे हे अर्थ एकमेकांपासून इतके दूर दिसतात की त्यांचे मूळ एक असेल असे सहसा मनात येत नाही.

पूर्वतयारी: हाताशी काय असावे

पहिली गरज आहे ती ऐतिहासिक तत्त्वावर रचलेल्या कोशाची. साधा कोश आज सर्वांत जास्त वापरात असलेला अर्थ आधी देतो. ऐतिहासिक कोश सर्वांत जुना अर्थ आधी देतो आणि प्रत्येक अर्थाखाली वर्षासह जुनी अवतरणे छापतो. इंग्रजीत हे काम ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी करते. तिची चालू आवृत्ती महाजालावर वर्गणी भरून मिळते, परंतु अनेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांकडे ती वर्गणी असते, तेव्हा स्वतः पैसे भरण्यापूर्वी तेथे चौकशी करावी. 1884 ते 1928 या काळात भागाभागाने निघालेली पहिली आवृत्ती आता स्वामित्वहक्कातून मुक्त असून तिची छायाचित्रित पाने इंटरनेट अर्काइव्हवर फुकट पाहता येतात. तिच्यातली अवतरणे आजही उपयोगी आहेत; व्युत्पत्ती मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या आहेत, म्हणून त्या नव्या कोशाशी ताडून घ्याव्यात.

विनामूल्य साधनांपैकी मेरियम-वेबस्टर आणि एटिमॉनलाइन ही दोन रोजच्या कामाला पुरतात. शब्द भारतातून इंग्रजीत गेला असल्याचा संशय असेल तर 1886 साली प्रसिद्ध झालेला हॉब्सन-जॉब्सन हा कोश पाहावा. मराठीच्या बाजूने मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा 1946 सालचा मराठी व्युत्पत्तिकोश जवळ असू द्यावा. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधण्याच्या सोयीसह उपलब्ध आहे, आणि शब्द संस्कृत, फारसी, अरबी की हिंदी वाटेने आला हे त्यात एकाक्षरी खुणेने दाखवलेले असते.

याशिवाय एक वही घ्यावी आणि तिच्यात चार रकाने आखावेत: अर्थ, पहिली नोंद, मागची भाषा व रूप, आणि ही माहिती कोठे मिळाली. चौथा रकाना बहुतेक जण गाळतात आणि दोन आठवड्यांनी तेच शोधकाम पुन्हा करीत बसतात.

इशारा: शोधयंत्र सर्वांत वर जे दोन ओळींचे उत्तर दाखवते, ते वहीत उतरवू नये. त्यात ‘फ्रेंचमधून’ एवढे कळते. कोणत्या शतकातल्या फ्रेंचमधून आणि कोणत्या अर्थाने, हे कळत नाही, आणि आपल्याला हवे असते ते नेमके तेच.

टप्पा 1: शब्द एकच आहे की अनेक, हे आधी ठरवा

मराठी वाचकाला या टप्प्यावर एक खास अडचण येते. आपण इंग्रजी शब्द देवनागरीत लिहितो, आणि देवनागरी उच्चार नोंदवते, स्पेलिंग नोंदवत नाही. ‘चेक’ असे लिहिले की त्याखाली तीन इंग्रजी स्पेलिंगे लपतात. पहिले सी-एच-ई-सी-के, म्हणजे तपासणी, अटकाव, चौकडा वगैरे. दुसरे सी-एच-ई-क्यू-यू-ई, म्हणजे बँकेचा धनादेश. तिसरे सी-झेड-ई-सी-एच, म्हणजे प्राग ज्यांची राजधानी आहे ते लोक आणि त्यांची भाषा. यांपैकी पहिली दोन एकाच शब्दाची रूपे आहेत आणि तिसऱ्याचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही. ते एका समाजाचे स्वतःचे नाव असून त्याचे विचित्र स्पेलिंग पोलिश लेखनपद्धतीतून इंग्रजीत आले आहे. म्हणून पहिले काम हे की शब्द देवनागरीत न ठेवता त्याचे इंग्रजी स्पेलिंग वहीत लिहावे आणि त्याच स्पेलिंगाने कोश उघडावा.

याच्या उलट अडचणही येते: स्पेलिंग एक, पण शब्द दोन. कोश अशा वेळी शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात 1, 2 असे आकडे देतो. ‘कॅश’ घ्या. रोकड या अर्थाचा ‘कॅश’ फ्रेंच आणि इटालियन भाषांतल्या पेटीवाचक शब्दांतून आला. पैसे ठेवण्याच्या पेटीचे नाव पैशालाच चिकटले. दक्षिण भारतातल्या आणि चीनमधल्या हलक्या किमतीच्या नाण्याला इंग्रज लोक ‘कॅश’च म्हणत, पण तो शब्द तमिळ ‘कासु’ पोर्तुगिजांच्या तोंडून इंग्रजीत आल्यामुळे बनला. दोन्ही पैशाचेच शब्द, स्पेलिंग तेच, मुळे निराळी. ‘कॅश हा तमिळ शब्द आहे’ असे ठणकावून सांगणारा माणूस दुसऱ्या क्रमांकाची नोंद वाचून पहिल्याबद्दल बोलत असतो. ‘कॉट’चेही तसेच आहे. झोपण्याची कॉट आपल्या ‘खाटे’वरून गेली, पण ‘कॉटेज’मधला ‘कॉट’ हा जुन्या इंग्रजीतला झोपडीवाचक शब्द आहे.

पडताळा: कोशात आपल्या शब्दाखाली किती स्वतंत्र क्रमांकाच्या नोंदी आहेत आणि आपल्याला त्यांपैकी कोणती हवी आहे, हे एका वाक्यात सांगता आले तरच पुढे जावे.

टप्पा 2: अर्थ वाक्यांतून वेगळे करा

अर्थांची यादी कोशातून उतरवण्यापूर्वी ती स्वतःच्या वापरातून करावी, कारण कोशातली यादी आधी वाचली की आपल्याला माहीत असलेलेही अर्थ धूसर होतात. ‘चेक’ जेथे जेथे ऐकला आहे ती वाक्ये आठवावीत आणि प्रत्येकात त्या जागी कोणता मराठी शब्द बसेल ते लिहावे. पटावर राजाला चेक दिला: शह. खर्चावर चेक ठेवला: अंकुश, लगाम. यादी चेक केली: तपासली, पडताळली. चेक वटला: धनादेश. चेक्सचा शर्ट: चौकड्यांचा. हॉटेलात चेक-इन केले: नोंद करून खोली ताब्यात घेतली. अमेरिकेतल्या उपाहारगृहात वेटर ‘चेक’ आणून ठेवतो: बिल. तेथेच अर्जाच्या चौकोनात ‘चेक’ करा म्हणतात: बरोबरची खूण.

एका जागी बसणारा मराठी शब्द दुसऱ्या जागी बसत नसेल तर ते दोन अर्थ वेगळे धरावेत. ‘शह’ आणि ‘अंकुश’ यांच्यात अदलाबदल थोडीफार चालते, पण ‘चौकडा’ आणि ‘धनादेश’ यांच्यात ती चालत नाही. जेथे अदलाबदल अर्धवट चालते, त्या जागी पेन्सिलीने खूण करून ठेवावी. अर्थ एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकला असेल तर तो बहुधा अशाच जागेतून सरकलेला असतो, आणि सहाव्या टप्प्यात ही खूण कामाला येते.

टप्पा 3: अर्थांना तारखा लावा आणि यादी पुन्हा मांडा

आता ऐतिहासिक कोश उघडावा आणि प्रत्येक अर्थापुढे त्याच्या पहिल्या नोंदीचा काळ लिहावा. ‘चेक’चे चित्र साधारण असे दिसते. बुद्धिबळातला शह हा अर्थ सर्वांत जुना असून तो 14व्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास दिसतो. अचानक अडणे, थोपवले जाणे हा अर्थ त्याच शतकात त्याच्या मागोमाग येतो. चौकड्यांची नक्षी सुमारे 1400च्या आसपास भेटते. ताडून पाहणे, पडताळणे हा अर्थ 17व्या शतकाच्या अखेरीस, पावतीची स्थळप्रत हा अर्थ 18व्या शतकाच्या सुरुवातीस, पैसे देण्याचा बँकेला दिलेला लेखी आदेश हा अर्थ 18व्या शतकाच्या अखेरीकडे, आणि अमेरिकेतले उपाहारगृहाचे बिल 19व्या शतकात.

ही यादी दुसऱ्या टप्प्यातल्या यादीशेजारी ठेवली की एक गोष्ट लगेच लक्षात येते: आज ज्याला आपण ‘चेक’चा मुख्य अर्थ समजतो, ती ‘तपासणी’, मूळ अर्थाच्या जवळजवळ चारशे वर्षे नंतरची आहे. तपासणीपासून सुरुवात करून ‘शह’ला तिची शाखा ठरवणारे स्पष्टीकरण कितीही पटण्याजोगे वाटले तरी ते येथेच बाद होते.

इशारा: ‘पहिली नोंद’ म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे. त्या वर्षीचा कागद टिकला आणि कोशकारांच्या हाती लागला, एवढाच तिचा अर्थ. बोलण्यात शब्द त्याआधी काही दशके असू शकतो. म्हणून ‘1706 साली हा अर्थ निर्माण झाला’ असे न लिहिता ‘18व्या शतकाच्या सुरुवातीपासून आढळतो’ असे लिहावे.

गुगल बुक्समधून स्वतः जुना दाखला शोधण्याचा मोह होतो, आणि तो पूर्णपणे टाळावा असे म्हणता येत नाही. पण तेथे दोन खड्डे आहेत. नियतकालिकाचा प्रत्येक अंक कधी कधी त्याच्या पहिल्या अंकाच्या वर्षाखाली नोंदलेला असतो, आणि जुन्या छपाईतला लांब ‘एस’ यंत्राला ‘एफ’ वाटतो. दाखला मिळाला तर पानाचे चित्र उघडून मुखपृष्ठावरचे वर्ष डोळ्यांनी पाहावे.

टप्पा 4: व्युत्पत्तीची ओळ शब्दशः वाचा

कोशात व्युत्पत्ती चौकटी कंसात, अगदी आखूड भाषेत दिलेली असते, आणि घाईने वाचणारा तिच्यातली भाषांची नावे तेवढी उचलतो. त्या ओळीत चार गोष्टी शोधाव्यात. पहिली, दिशा: डावीकडे टोक असलेले चिन्ह (<) किंवा ‘फ्रॉम’ हा शब्द ‘यातून आला’ असे सांगतो. दुसरी, भाषेच्या काळाचा उल्लेख: ‘ओल्ड फ्रेंच’ आणि आजची फ्रेंच यांत रूपे बदललेली असतात, म्हणून ‘ओल्ड’, ‘मिडल’, ‘मिडीव्हल’ ही विशेषणे गाळून चालत नाहीत. तिसरी, तारांकन: एखाद्या रूपाआधी * ही खूण असेल तर ते रूप कोणत्याही लेखात सापडलेले नाही, अभ्यासकांनी तुलनेवरून ते बांधलेले आहे. चौथी, ‘अकिन टू’ किंवा ‘कंपेअर’ यांसारखे शब्द. यांच्यापुढे दिलेला शब्द हा पूर्वज नसून नातलग असतो. वर्तमानपत्री सदरांत जे घोटाळे होतात त्यांतले फार मोठे घोटाळे या चौथ्या जागेवरचे असतात: कोशाने संस्कृत शब्द केवळ तुलनेसाठी दिलेला असतो आणि लेखक तो ‘मूळ शब्द’ म्हणून उचलतो.

‘मूळ अनिश्चित’ असे लिहिलेले दिसले तर तेही उत्तरच आहे. इंग्रजी ‘बॅड’ आणि ‘डॉग’ यांसारख्या रोजच्या शब्दांची मुळेही अशीच अंधारात आहेत; तेथे स्वतःची भर घालण्याची गरज नाही.

टप्पा 5: एका वेळी एकच पायरी मागे जा

‘चेक’ची साखळी अशी आहे: इंग्रजी ‘चेक’, त्यामागे जुनी फ्रेंच ‘एशेक’, त्यामागे मध्ययुगीन लॅटिन ‘स्काकुस’, त्यामागे अरबी ‘शाह’ आणि त्यामागे फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. खेळताना प्रतिस्पर्ध्याच्या राजावर मारा होताच ‘राजा!’ असे बजावण्याची पद्धत होती; ती हाक खेळाबरोबर पश्चिमेकडे गेली आणि वाटेत तिचा ‘राजा’ हा अर्थ गळून नुसता इशारा उरला.

ही साखळी कोशात एका ओळीत मिळते, पण ती तशीच स्वीकारू नये. दर दोन कड्यांमध्ये तीन प्रश्न विचारावेत. त्या दोन भाषा बोलणारे लोक त्या काळात एकमेकांच्या संपर्कात होते का? देणाऱ्या भाषेतली नोंद घेणाऱ्या भाषेतल्या नोंदीपेक्षा जुनी आहे का? रूपातला बदल त्या भाषेच्या इतर शब्दांतही दिसतो का? फ्रेंच ते इंग्रजी ही पायरी सहज पटते, कारण 1066 साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर दरबाराची आणि न्यायालयाची भाषा पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंच होती. अरबी ते लॅटिन ही पायरी स्पेन आणि सिसिलीतल्या अरब सत्तांमुळे पटते. फारसी ते अरबी ही पायरी 7व्या शतकात अरबांनी इराण जिंकल्यामुळे पटते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फ्रेंचच्या सवयीत आहे. ‘स’ला जोडलेल्या व्यंजनाने सुरू होणाऱ्या शब्दाआधी ती ‘ए’ लावत असे, जसे लॅटिन ‘स्कोला’चे जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्कोल’ झाले. ‘स्काकुस’चे ‘एशेक’ झाले ते याच सवयीने. इंग्रजीने पुढे तो आरंभीचा ‘ए’ टाकून दिला.

याच ‘एशेक’चे अनेकवचन म्हणजे इंग्रजीतले ‘चेस’. येथे भारतीय वाचक हमखास घसरतो. बुद्धिबळाचा उगम भारतातल्या चतुरंगात मानला जातो, ‘चतुरंग’चे फारसीत ‘चत्रंग’ आणि अरबीत ‘शतरंज’ झाले, आणि स्पॅनिश ‘आखेद्रेस’ हे त्याच शब्दाचे वंशज आहे. परंतु इंग्रजी ‘चेस’ या ओळीत बसत नाही. खेळ एका देशातून आला म्हणून खेळाचे नावही तेथूनच आले असेल असे धरता येत नाही. वस्तूचा प्रवास आणि शब्दाचा प्रवास यांच्या साखळ्या वहीत वेगवेगळ्या पानांवर लिहाव्यात.

‘चेकमेट’च्या उत्तरार्धाबद्दल दोन मते आहेत. एका मताप्रमाणे ‘मात’ हे अरबी क्रियापद असून अर्थ ‘राजा मेला’ असा होतो. दुसऱ्या मताप्रमाणे तो फारसी शब्द असून अर्थ ‘राजा निरुपाय झाला’ असा होतो. खेळात राजा कधीच मारला जात नाही, तो कोंडला जातो, हे ध्यानात घेता दुसरे मत मला अधिक जुळणारे वाटते. टिपण लिहिताना मात्र दोन्ही नोंदवावीत.

टप्पा 6: अर्थ एका जागेवरून दुसऱ्या जागी कसा सरकला ते दाखवा

साखळी पूर्ण झाली की बहुतेक लेख संपतात. खरे काम येथे सुरू होते, कारण ‘फारसी शाहपासून चेक आला’ एवढ्याने शर्टावरचे चौकडे आणि बँकेचा कागद यांचा उलगडा होत नाही. या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा.

प्रत्येक दोन अर्थांमध्ये असा एक प्रसंग शोधावा की ज्यात दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात. शह मिळालेल्या राजाला मनाजोगी चाल करता येत नाही. तेव्हा ‘शह’ आणि ‘अटकाव’ हे अर्थ त्या पटावरच एकत्र नांदतात, आणि पटाबाहेर वापरल्यावर फक्त अटकाव उरतो. अटकाव करणाऱ्या माणसाचे किंवा व्यवस्थेचे एक काम म्हणजे हिशेबात लबाडी होऊ न देणे, आणि लबाडी रोखायची तर एक नोंद दुसरीशी ताडून पाहावी लागते. येथे ‘अटकाव’चे ‘पडताळणी’त रूपांतर होते. ताडून पाहण्यासाठी कागदाचा एक तुकडा स्वतःकडे ठेवावा लागतो. आपल्या बँकांच्या भरणा पावतीला जशी स्थळप्रत असते तसा हा तुकडा, आणि 18व्या शतकात ‘चेक’ हे नाव त्याला पडले. पुढे ते नाव त्या तुकड्यावरून घसरत घसरत तो तुकडा ज्याला जोडलेला असे त्या कागदावर, म्हणजे पैसे देण्याच्या आदेशावर, गेले. चेकबुकातून चेक फाडल्यावर पुस्तकात उरणारी पट्टी पाहिली तर खरे म्हणजे ती पट्टी हाच जुना ‘चेक’ आहे. आपण बँकेत देतो तो कागद त्याचे नाव पळवून बसला आहे.

दुसरी शाखा राजावरून निघत नाही, पटावरून निघते. पटावर चौकोन असतात, म्हणून चौकोनांच्या कोणत्याही नक्षीला तेच नाव मिळाले. चौकड्यांचा शर्ट या शाखेवर बसतो. मध्ययुगीन लॅटिनमध्ये बुद्धिबळाच्या पटाला ‘स्काकारियुम’ म्हणत. इंग्लंडच्या राजाच्या खजिन्याचे हिशेब 12व्या शतकात रेषा आखलेले कापड अंथरलेल्या टेबलावर सोंगट्यांसारख्या चकत्या सरकवून होत. खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने त्या टेबलाचे सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असे वर्णन लिहून ठेवले आहे. टेबल पटासारखे दिसे म्हणून खात्याचेच नाव ‘एक्सचेकर’ पडले. त्या नावातला ‘एक्स’ चुकीचा आहे: फ्रेंच ‘एशेकिए’मधल्या आरंभीच्या ‘एस’ला लॅटिन ‘एक्स’चे बिघडलेले रूप समजून पंडितांनी तो ‘दुरुस्त’ केला. ब्रिटनमध्ये धनादेशाच्या ‘चेक’ला क्यू-यू-ई असा शेवट मिळाला तो याच खात्याच्या नावाच्या प्रभावाने. अमेरिकेने सी-के ठेवले, आणि आपण ब्रिटिश स्पेलिंग घेतले. भारताच्या 1881 सालच्या परक्राम्य संलेख अधिनियमात धनादेशाची व्याख्या त्याच स्पेलिंगाखाली दिलेली आहे.

पडताळा: प्रत्येक सरकण्यापुढे तिसऱ्या टप्प्यातली तारीख लिहावी. तारखा मागे-पुढे उड्या मारत असतील तर कोठेतरी शाखा चुकली आहे. ‘पट’ आणि ‘राजा’ या दोन शाखा एकाच दोरीत ओवल्या तर हीच गडबड होते: अटकावानंतर 1400च्या सुमाराची नक्षी येते, मग एकदम 17व्या शतकातली पडताळणी येते, आणि नक्षीतून पडताळणी निघाल्याचा भास होतो.

टप्पा 7: मराठी आणि संस्कृतशी नाते तपासा, पण आता

उच्चारातले साम्य पाहण्याची परवानगी येथे मिळते. साम्य दिसले की त्याचे चार खुलासे शक्य असतात आणि त्यांपैकी कोणता लागू आहे हे ठरवावे लागते: इंग्रजीने आपल्याकडून शब्द घेतला, दोघांनी तिसऱ्याकडून घेतला, दोघांचा पूर्वज एक आहे, किंवा निव्वळ योगायोग.

पहिल्याचे उत्तम उदाहरण ‘मंगूज’ आहे. तो मराठी ‘मुंगूस’वरून 17व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत गेला, हंसवाचक ‘गूज’शी त्याचा संबंध नाही, आणि म्हणून अनेकवचन करताना ‘मंगीज’ होत नाही. तरीही ‘मुंगूस’ येथेच जन्मला असे धरू नये. तेलुगू आणि कन्नडमध्ये याचे सख्खे भासणारे शब्द आहेत.

दुसऱ्याचे उदाहरण आपला ‘शह’. मराठीत शह, काटशह, मात हे शब्द फारसीच्या वाटेने आले. इंग्रजी ‘चेक’ही शेवटी फारसीच्याच दारात पोहोचतो. म्हणून ‘चेक’ आणि ‘शह’ ही एकाच घरातून दोन दिशांना गेलेली भावंडे ठरतात. यावरून ‘चेक मराठीतून गेला’ असे होत नाही.

तिसऱ्या प्रकारासाठी नियम लागतात. संस्कृत आणि इंग्रजी या दूरच्या नातलग भाषा असल्याने त्यांच्यातले खरे नातेवाईक शब्द उच्चाराने हुबेहूब जुळत नाहीत; ते ठरावीक फरकाने जुळतात. संस्कृत ‘प’ च्या जागी इंग्रजीत ‘फ’ येतो (पितृ, फादर; पाद, फूट), ‘द’ च्या जागी ‘ट’ (दश, टेन; दन्त, टूथ), ‘भ’ च्या जागी ‘ब’ (भ्रातृ, ब्रदर). आता ‘डे’ आणि ‘दिवस’ तपासा. ‘दिव्’ मधल्या ‘द’ च्या जागी इंग्रजीत ‘ट’ हवा, ‘ड’ नको. म्हणजे हे साम्यच संशयास्पद आहे, आणि कोशही दोन्हींची मुळे निराळी देतो. ‘दिव्’चा खरा इंग्रजी नातलग ‘ट्यूजडे’च्या पहिल्या अक्षरांत दडला आहे: ‘टिव’ हे जर्मानिक देवाचे नाव आणि आपला ‘देव’ यांचे मूळ एक. चाणाक्ष वाचक येथे ‘डोअर’ आणि ‘द्वार’ पुढे करील. तेथे मूळ ध्वनी ‘ध’ होता आणि संस्कृतात तो ‘द’ झाला, हे ग्रीक व लॅटिन रूपांवरून दाखवता येते. नियम मोडत नाही.

‘चेक’लाही या प्रकारचे एक नाते आहे, पण ते एका पायरीपलीकडे आहे. फारसी ‘शाह’ प्राचीन पर्शियन ‘ख्शायथिय’ या शब्दातून आला आणि त्याचे मूळ संस्कृत ‘क्षत्र’, ‘क्षयति’ यांच्याशी समान आहे. ‘चेक हा क्षत्रियाचा दूरचा नातलग’ हे वाक्य खरे आहे. ‘चेक संस्कृतातून आला’ हे वाक्य खोटे आहे. दोहोंत फरक एवढाच की पहिल्यात फारसीला चुलत घराण्याचा मान आहे आणि दुसऱ्यात तिला वाटेतल्या धर्मशाळेसारखे वापरले आहे.

चौथा प्रकार, योगायोग, हा वाटतो त्यापेक्षा बराच वेळा खरा असतो. ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ उच्चाराने आणि अर्थाने दोन्हीकडून जुळतात. पण फारसी शब्दाचे जुने रूप ‘वद’ होते. मागे जावे तसतसे खरे नातलग एकमेकांच्या जवळ येतात. हे दोघे लांब जातात.

टप्पा 8: आद्याक्षरांच्या गोष्टी चाळणीतून काढा

एखादा शब्द आद्याक्षरांपासून बनला असे कोणी सांगितले तर फक्त त्याची पहिली नोंद पाहावी. आद्याक्षरे जोडून बोलण्याजोगा शब्द बनवण्याची सवय इंग्रजीत मुख्यतः 20व्या शतकातली आहे, आणि ‘न्यूज’ 14व्या शतकाच्या अखेरीपासून आढळतो. तो ‘न्यू’ म्हणजे ‘नवे’ याचे अनेकवचन आहे, फ्रेंच ‘नूव्हेल’सारखेच. ‘पॉश’ची बोटीतल्या खोल्यांची प्रसिद्ध गोष्टही (‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ यांच्या आद्याक्षरांची) अशीच पुराव्याविना आहे, आणि तेथे प्रामाणिक उत्तर ‘मूळ अज्ञात’ एवढेच राहते.

टप्पा 9: टिपण लिहा

टिपणाचा क्रम शोधाच्या उलट ठेवावा: शोधताना आजपासून मागे गेलो, लिहिताना जुन्यापासून आजकडे यावे. निश्चित आणि संभाव्य यांच्यासाठी वेगवेगळी क्रियापदे वापरावीत. ‘आला’ आणि ‘आला असावा’ यांतला फरक छपाईत टिकवण्यासाठी मुद्रितशोधकाला आधीच सांगून ठेवावे, कारण ‘असावा’ हा शब्द जागेअभावी कापला जाण्यात पहिला असतो. ‘चेक’चे छोटे टिपण असे होईल:

‘चेक: फारसी शाह (राजा) हा शब्द बुद्धिबळातली हाक म्हणून अरबी, मध्ययुगीन लॅटिन आणि जुनी फ्रेंच या वाटेने इंग्रजीत आला; 14व्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपासपासून शह या अर्थाने आढळतो. राजाच्या शाखेतून अटकाव, पडताळणी, स्थळप्रत आणि धनादेश हे अर्थ क्रमाने निघाले. पटाच्या शाखेतून चौकड्यांची नक्षी आणि एक्सचेकर हे खात्याचे नाव निघाले. क्यू-यू-ई हे ब्रिटिश स्पेलिंग त्या खात्याच्या नावाच्या प्रभावाने आले. मराठी शह हा याच फारसी शब्दाचा वेगळ्या वाटेने आलेला वंशज. संस्कृत क्षत्र समानमूलक.’

छापायला देण्यापूर्वी या टिपणातले प्रत्येक विधान वहीच्या चौथ्या रकान्याशी जुळवावे, आणि ज्या विधानापुढे तो रकाना रिकामा आहे ते काढून टाकावे.